'इन'मध्ये हजारच आयडी? खुलासा

सांगलीत हळदीच्या अडत्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरांत एक समज घट्ट बसलाय: क्वेरीच्या 'इन'मध्ये, म्हणजे 'या यादीतल्याच नोंदी दे' असं सांगणाऱ्या कंसात, १००० पेक्षा जास्त आयडी दिले की डेटाबेस बोंबलतो. ही अट मुळात ओरॅकल या डेटाबेसची, तीही जुन्या आवृत्त्यांतली. एसक्यूएल सर्व्हर अडतो २१०० पॅरामीटरवर (क्वेरीसोबत वेगळ्या पाठवलेल्या किमतींवर), पोस्टग्रेस ६५५३५ वर. पोस्टग्रेसमध्ये तर अख्खी यादी एकाच अ‍ॅरेत, म्हणजे एकाच पॅरामीटरमध्ये, भरून 'इन'ऐवजी 'एनी'ला दिली की प्रश्न मिटला. मायएसक्यूएलवर हजाराची अटच नसताना हजार-हजारचे तुकडे पाडणं ही फुकटची हमाली.

खरी गोची रिकाम्या यादीची. सौदेच निघाले नाहीत त्या दिवशी लॉटचे आयडी नसतात, कंसात काहीच येत नाही आणि मायएसक्यूएल थेट सिंटॅक्स एरर (क्वेरीची मांडणीच चुकल्याची तक्रार) फेकतं. आणि एवढे आयडी आले कुठून? बहुतेकदा आधीच्याच क्वेरीतून. मग दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडणारा सरळ जॉइन लावा की!