सबवूफरचे एकुलते बटण आणि त्यामागचा इतिहास

साउंडबारसोबत येणाऱ्या सबवूफरसाठी, म्हणजे फक्त खर्ज (बेस) वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरसाठी, वापरणाऱ्याच्या हाती बहुधा रिमोटवरचे एकच बटण राहते: बेस वाढवा किंवा कमी करा. होम थिएटरच्या स्वतंत्र सबवूफरच्या पाठीवर मात्र पातळी, क्रॉसओव्हर (कोणत्या वारंवारतेखालचा आवाज सबवूफरकडे जावा ती सीमा) आणि फेज (त्याच्या लहरींचा इतर स्पीकरच्या लहरींशी मेळ) असे तीन नॉब असत, आणि बऱ्याच सबवूफरवर ते अजूनही असतात. साउंडबारच्या सबवूफरवरून नॉब गेले म्हणून त्यांच्यामागचे प्रश्न सुटले नाहीत. ते कारखान्यात ठरवून दिलेल्या आकड्यांत दडले, एवढेच. नवा साउंडबार तपासताना येणाऱ्या विचित्र अनुभवांचे मूळ याच प्रश्नांत आहे.

पहिला प्रश्न कानाचा. बेल लॅबोरेटरीजमधील हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की खर्जातल्या आवाजांना आपला कान फार मंद प्रतिसाद देतो आणि आवाज जितका लहान, तितकी ही मंदता वाढते. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ४० हर्ट्झच्या सुराला ८० डेसिबलहून अधिक पातळी लागते. रात्री हळू आवाजात बेस गायब झाल्यासारखा वाटतो म्हणून तो चार पायऱ्या वाढवून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेटचा समालोचक हंड्यात तोंड घालून बोलतोय असे वाटावे, हे त्यामुळेच घडते. बेसची पातळी ठरवायची ती रोज ज्या आवाजात टीव्ही पाहतो त्याच आवाजात.

दुसरा प्रश्न स्पीकरच्या पेटीचा होता आणि तो त्या मानाने लवकर सुटला. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या एआर-१ स्पीकरमध्ये बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान आकारातून खोल खर्ज काढला; पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचे गणित इतके पक्के केले की सुतारकामाआधीच तिचा प्रतिसाद कागदावर काढता येऊ लागला. डॉन कील यांनी १९७४ मध्ये मायक्रोफोन स्पीकरच्या पडद्याला जवळजवळ टेकवून खर्ज मोजण्याची पद्धत मांडली. तिचा मुख्य गुण हा की मोजमापातून खोली वगळली जाते. घरात ऐकणाऱ्याची अडचणही नेमकी तीच, कारण त्याला खोली वगळता येत नाही.

त्याच १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी युनिव्हर्सल स्टुडिओने सेन्सराउंड यंत्रणा आणली आणि प्रचंड स्पीकरमधून भूकंपाची गडगड प्रेक्षकांच्या छातीपर्यंत पोहोचवली. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये छताचा गिलावा अंगावर पडू नये म्हणून खाली जाळी बांधावी लागली होती. खर्जासाठी वेगळी वाट हवी, हा विचार पुढे ५.१ या रचनेत (ध्वनीच्या पाच मुख्य वाहिन्या आणि एक खर्जाची) स्थिरावला आणि १९९२ पासून डॉल्बी डिजिटलसोबत चित्रपटगृहांत गेला. त्यातला ‘पॉइंट वन’ म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतची, इतर वाहिन्यांपेक्षा १० डेसिबल जास्त जोराने वाजणारी खर्जाची वाहिनी. गाण्यात नेमका वाटणारा सबवूफर चित्रपटातल्या स्फोटाला अंगावर येतो, याचे एक कारण ही वाहिनी आहे. म्हणून चाचणीला दोन्ही प्रकारचे ध्वनी हवेत.

सर्वांत चिवट प्रश्न खोलीचा. चार मीटर लांबीच्या हॉलमध्ये सुमारे ४३ हर्ट्झला समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर लहर उभी राहते, म्हणजे आवाज काही ठिकाणी कायम मोठा तर काही ठिकाणी कायम क्षीण राहतो. सबवूफर टीव्हीच्या भिंतीशी ठेवून मोबाइलवरून त्या वारंवारतेचा अखंड सूर लावावा आणि सोफ्याकडे चालत जावे: हॉलच्या मध्यावर तो जवळजवळ विरतो आणि मागच्या भिंतीशी पोहोचताच पुन्हा उसळतो, शोकेसची काच थरथरते. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती थोड्या वाकून खर्जाचा काही भाग शोषतात. आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो जवळपास सगळा परत फेकतात, त्यामुळे आपल्या फ्लॅटमध्ये ही उसळी अधिक टोकदार असते. हार्मन या ऑडिओ कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये अनेक सबवूफर योग्य जागी ठेवून ही विषमता कशी कमी होते ते मांडले, पण साउंडबार घेणाऱ्याकडे बहुधा एकच सबवूफर असतो.

सपाट टीव्ही पातळ होत गेले, त्यांत स्पीकरला जागा उरली नाही आणि साउंडबार घरोघरी आला. चित्रपट-ध्वनीची मानके ठरवणाऱ्या टीएचएक्सने होम थिएटरसाठी ८० हर्ट्झची क्रॉसओव्हर सीमा धरली होती, कारण त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही. साउंडबारमधले स्पीकर जेमतेम काही सेंटिमीटरचे असल्याने ही सीमा अनेकदा बरीच वर न्यावी लागते, आणि मग पुरुषी आवाजाचा खालचा भाग कोपऱ्यातल्या पेटीतून येऊ लागतो. ‘सबवूफर कुठेही ठेवा’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. सोनोस या स्पीकर कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या ट्रूप्लेसारख्या फोनच्या माइकने खोली मोजणाऱ्या सोयी उसळी कापतात, पण जिथे लहरी एकमेकींना खोडतात तिथे कितीही जोर लावला तरी खड्डा भरत नाही. तिथे पेटी किंवा सोफा हलवणे हाच उपाय आहे. जुनी युक्ती अशी की सबवूफर सोफ्यावर ठेवून खर्जाचे गाणे लावायचे, आपण भिंतीकडेने रांगत फिरायचे आणि बेस जिथे सर्वांत सारखा वाटेल तिथे पेटी ठेवायची. स्रोत आणि श्रोता यांच्या जागा बदलल्या तरी दोघांमधला प्रतिसाद तोच राहतो, म्हणून ती चालते. वायरलेस म्हणवणाऱ्या या पेटीला विजेची वायर मात्र लागतेच आणि हॉलमधला प्लग बहुधा टीव्हीच्या भिंतीवर असतो, तेव्हा रांगायला सुरुवात करण्याआधी एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड जवळ असू द्यावा.