शोकसभा : नागपुरातील निवृत्त शिक्षकांचे स्मरण

निवृत्त शिक्षकाचे निधन झाल्यावर त्याचे माजी विद्यार्थी, सहकारी, शेजारी आणि आप्त एकत्र जमून त्याच्या अध्यापनाचे, सार्वजनिक कामाचे व कौटुंबिक जीवनाचे जे जाहीर स्मरण करतात, त्याला नागपुरात शोकसभा किंवा श्रद्धांजली सभा असे म्हणतात. धार्मिक विधींशी तिचा थेट संबंध नाही. विधी कुटुंबाचे असतात, तर सभेवर ज्यांना ज्यांना त्या शिक्षकाने शिकवले त्या सर्वांचा हक्क मानला जातो. इतर व्यवसायांतील व्यक्तींसाठीही शोकसभा होतात. पण शिक्षकाच्या सभेला तीन-तीन पिढ्या हजर असतात आणि त्यांतील अनेकांचा परस्परांशी एरवी काहीही परिचय नसतो, हे तिचे वेगळेपण आहे.

शिक्षकाची आठवण टिकवण्याची परंपरा या शहरात जुनी आहे. १८४५ मध्ये नागपूरला आलेले मिशनरी, शिक्षक व भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप नागपूरजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. जाईबाई चौधरी यांचे उदाहरण याहून अधिक मोलाचे वाटते. ओझी वाहण्याचे काम केलेल्या या स्त्रीने पुढे स्वतः शिकून नागपुरात दलित मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. तिचे स्मरण कोणत्याही स्मारकापेक्षा त्या शाळेत शिकलेल्या मुलींच्या घराण्यांतून अधिक जपले गेले.

स्वातंत्र्यानंतर सेवेत आलेल्या पिढीच्या शोकसभांमध्ये शहराचा प्रशासकीय इतिहासही ओघाने येतो. १९५० च्या सुमारास नागपुरात रुजू झालेला शिक्षक आरंभी मध्य प्रदेश राज्याचा, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्याचा आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा शिक्षक झाला. त्याने शहर सोडले नाही आणि बहुधा शाळाही बदलली नाही, तरी या काळात शहराचे राजधानीपद गेले आणि पाठ्यपुस्तके व परीक्षा मंडळे बदलली. अशा शिक्षकाचे जुने विद्यार्थी मराठीइतकेच हिंदीतूनही बोलतात, ते याच इतिहासामुळे.

शिक्षकाचे सार्वजनिक काम वर्गाबाहेरही चालते. दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत घरोघर जाऊन माहिती गोळा करणारे प्रगणक बहुतांशी शिक्षकच असतात. मतदान केंद्रांवरही त्यांचीच नेमणूक होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यावर बंदी घातली, तरी दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामे त्याच कायद्याच्या कलम २७ ने अपवाद म्हणून कायम ठेवली. राजकारणातही शिक्षकांना वाटा आहे : महाराष्ट्र विधान परिषदेच्या एकूण ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या, म्हणजे शिक्षकांच्या मतांवर निवडल्या जाणाऱ्या आहेत व त्यांत नागपूर विभागाची एक जागा आहे. निवृत्तीनंतर वस्तीच्या वाचनालयात, पतसंस्थेत, गृहनिर्माण संस्थेत किंवा महापालिकेच्या राजकारणात शिरलेले शिक्षक शहरात पुष्कळ झाले. अर्ज लिहून देणे, दाखल्यावरील जन्मतारीख दुरुस्त करून घेणे, मुलीचे शिक्षण थांबवू नये म्हणून तिच्या वडिलांची समजूत घालणे ही कामे मात्र कोणत्याही सेवापुस्तकात नोंदली जात नाहीत. त्यांचा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा उच्चार शोकसभेतच होतो.

पहिली सभा घाटावरच होते. अंबाझरी, मोक्षधाम, गंगाबाई, मानेवाडा अशा घाटांवर चितेला अग्नी दिल्यानंतर मंडळी शेडखाली थांबतात, एखादे ज्येष्ठ सहकारी अध्यक्षस्थान स्वीकारतात, तीन-चार जण मोजके बोलतात आणि उभे राहून मौन पाळले जाते. या सभेत तयारीला वाव नसतो, म्हणूनच तिच्यातले बोलणे पुढच्या सभांपेक्षा खरे असते. देहदानाचा संकल्प केलेल्या शिक्षकाचे पार्थिव वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाते. तेव्हा ही पहिली सभा घराच्या अंगणातच होते.

वृत्तपत्रात निधनवार्ताही येते. तिचा साचा ठरलेला आहे : सेवानिवृत्त शिक्षक अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले, त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, जावई, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे, अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल. शिक्षकाच्या कुटुंबवत्सलतेची जाहीर नोंद या एका वाक्यापुरतीच राहते आणि हे अपुरे आहे. तुटपुंज्या पगारात भावंडांची शिक्षणे आणि बहिणींची लग्ने पार पाडणे, खेड्यातून शिकायला आलेल्या भाच्या-पुतण्यांना दोन खोल्यांच्या घरात ठेवून घेणे, निवृत्तीच्या रकमेतून एखाद्या लेआउटमधील प्लॉटवर घर उभे करणे, ही त्या पिढीच्या शिक्षकांची मोठी कामगिरी आहे. गुरुजींच्या किंवा बाईंच्या घरी विद्यार्थ्यांना मोकळेपणाने जेवायला बसता येई, ते घरच्यांनीही तो भार उचलल्यामुळे. त्यामुळे सार्वजनिक सेवा आणि संसार यांचे वेगवेगळे हिशेब मांडले, तर दोन्ही चुकतात. शिक्षिकांच्या बाबतीत तर शाळा, स्वयंपाकघर आणि सासू-सासऱ्यांची शुश्रूषा ही एकाच दिवसाची कामे होती. तरीही सभेतील वक्ते त्यांच्या शाळेतील शिस्तीवर जितके बोलतात, तितके या कष्टांवर बोलत नाहीत.

दुसरी, अधिक रीतसर सभा तेरवीच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या रविवारी शाळेच्या सभागृहात अथवा समाजभवनात होते. बौद्ध कुटुंबांत मृत्यूनंतरच्या जलदान विधी आणि पुण्यानुमोदन या कार्यक्रमांना जोडूनच आदरांजलीची भाषणे होतात व विहाराला किंवा वाचनालयाला दान दिले जाते. रीतसर सभेत पदाधिकाऱ्यांची भाषणे आधी होतात आणि विद्यार्थ्यांना शेवटी पाच मिनिटे मिळतात. हा क्रम उलटा असायला हवा. ‘आदर्श शिक्षक’, ‘शिस्तप्रिय’, ‘मनमिळाऊ’ ही विशेषणे कोणालाही लागू पडतात, पण फी माफ करून घेण्यासाठी सरांनी कोणाचे दार ठोठावले किंवा गणितात नापास झालेल्या मुलाला उन्हाळ्यात रोज सकाळी कसे शिकवले, हे फक्त तोच विद्यार्थी सांगू शकतो. शहराच्या शैक्षणिक इतिहासाचे हे मौखिक साधन आहे. आता सभेचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर सहज होऊ शकते आणि ते शाळेच्या ग्रंथालयात ठेवायला खर्चही फारसा नाही.

सभेला जोडून काही व्यावहारिक कामेही होतात. निवृत्त सहकारी कुटुंब निवृत्तिवेतनाची कागदपत्रे जमवून देतात, बँक व कोषागाराचा पत्रव्यवहार करतात आणि दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावयाच्या हयातीच्या दाखल्याची माहिती शिक्षकाच्या पत्नीला किंवा पतीला समजावून सांगतात. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नसल्याने पुढील पिढीच्या कुटुंबांसाठी या मदतीचे स्वरूप बदलणार आहे.

वर्षानंतर प्रथम पुण्यस्मरण होते आणि अनेक कुटुंबे शाळेकडे ठेव ठेवून तिच्या व्याजातून दहावीत एखाद्या विषयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्याला स्मृती पारितोषिक देतात. ठेवीची रक्कम तीच राहते आणि महागाईने बक्षिसाचे मोल कमी होत जाते. मुले पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झाली की भर घालणारेही उरत नाहीत. म्हणून काही कुटुंबे आता ठेवीऐवजी एका गरजू विद्यार्थ्याचा दोन वर्षांचा शैक्षणिक खर्च उचलतात, आणि कोणाचा उचलायचा हे वर्गशिक्षक ठरवतात.