एकाच पावसाचं दोन तऱ्हांचं पाणी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवऱ्याच्या गरम कुंडातलं पाणी सुमारे 70 अंशांचं, हात घालायची सोय नाही. उत्तरेला गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून खाली तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत सह्याद्रीला समांतर अशी गरम झऱ्यांची रांगच आहे. ‘खाली ज्वालामुखी आहे’ असं तिथे हमखास ऐकायला मिळतं. पण ज्या लाव्हाचा सह्याद्री झाला, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच विझली. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25-30 अंश तापमान वाढतं, एवढं कारण पुरतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं, दुसऱ्या भेगेतून वर येतं. गरम पाणी खडकाशी दीर्घकाळ राहिलं की त्यात सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड उतरतात. कुंडापाशी कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा.

आता सड्याखालचा, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळ-पठाराखालचा, गार झरा बघा. पाऊस तोच, पण पाणी हलकं, डाळ पटकन शिजवणारं. चिऱ्याच्या (बांधकामाच्या जांभा दगडाच्या) खाणीची उभी भिंत पाहिली की उलगडा होतो. वर भोकाभोकांचा लालभडक जांभा, खाली पांढुरकी-गुलाबी चिकणमाती. पाणी जांभ्यातून सरसर उतरतं, मातीवर अडतं आणि उताराला जिथे वाट मिळेल तिथे फुटतं. जांभा म्हणजे दहादा उकळलेली चहाची पूड! लाखो पावसाळ्यांनी त्यातलं विरघळण्याजोगं सगळं नेलं, मागे राहिलं लोह आणि अॅल्युमिनियम. पाण्याला द्यायला त्याच्याकडे फारसं काही उरलेलंच नाही.

साचल्या पाण्यावर कधी तेलासारखा रंगीत तवंग दिसतो. काडीने ढोसा. तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा. पुन्हा एकजीव झाला तर तेल.

‘झऱ्याचं पाणी म्हणजे शुद्धच’ हे मात्र मला पटत नाही. वाळूतून पाणी रेंगाळत गाळलं जातं. जांभ्याच्या नळ्यांतून ते धावतं. मातीचा थर आणि झाडोरा असेल तिथे काही गाळण होते, उघड्या कातळावर ती जवळजवळ नाहीच. वर गुरं बसत असतील, शौचखड्डा असेल, तर त्यातले जंतू मुसळधार पावसात थोड्या वेळात झऱ्यापर्यंत पोचू शकतात आणि पाणी तरीही नितळ दिसतं. म्हणून पावसाळ्यात ते उकळूनच प्यावं. चिरे काढता काढता चिकणमाती उघडी पडली, तर पाणी धरून ठेवणारा जांभ्याचा थरच जातो आणि झरा लवकर आटतो.