तापात माणूस असंबद्ध बोलू लागला, तर आधी लॅबमध्ये येऊ नका

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तापाच्या तपासण्यांसाठी येणाऱ्या सर्वांसाठी ही माहिती आहे. बहुतेक तापांत रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबता येतं. मेंदूज्वरात, म्हणजे जंतूंमुळे मेंदूला सूज येते तेव्हा, तेवढा वेळ नसतो.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातले बहुतेक जंतू पलीकडे जाऊच शकत नाहीत. काही विषाणू तरी वाट काढतात. डासांतून पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराचा विषाणू रक्तातून मेंदूत पोचतो. रेबीजचा विषाणू मात्र चाव्याच्या जागेवरून मज्जातंतूत शिरतो आणि त्यातूनच वर सरकतो. लक्षणं दिसायला बहुधा २ ते ३ महिने लागतात, कधी आठवडाभरच. एकदा ती दिसली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून चावा लहान असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच लसीसाठी डॉक्टरांकडे जा.

ओठांवर पाण्याचे फोड आणणारा हर्पिसचा विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर निपचित राहतो. क्वचित तो मेंदूत उतरतो, आणि बहुतेकदा कानशिलामागच्या भागाला सूज आणतो. स्मरण, भाषा, वागणं यांचा संबंध याच भागाशी आहे. म्हणून रुग्ण विचित्र वागतो, शब्द चुकवतो, घरच्यांना ओळखत नाही. आणि घरच्यांना वाटतं, ताप डोक्यात गेलाय, उतरला की ठीक होईल. इथेच मोलाचा वेळ जातो. कवटीत सुजेला जागा नसते आणि मेलेल्या चेतापेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत. उपचार न झाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. असायक्लोव्हिर हे औषध शिरेतून लवकर सुरू झालं तर धोका बराच कमी होतो. त्यामुळे डॉक्टर नुसत्या संशयावरही ते सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतून हे निदान होत नाही. त्यासाठी रुग्णालयात पाठीतून पाणी काढावं लागतं. त्याने पांगळेपणा येईल अशी भीती अनेकांना वाटते, पण सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात. पहिल्या २-३ दिवसांत या पाण्याची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणीही निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून औषध थांबवण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

तापासोबत झटके, गुंगी, मान आखडणं किंवा वागण्या-बोलण्यात बदल दिसला, तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. ताप कधी आला, बोलणं कधी बदललं, प्राणी चावला होता का, हे तिथे लगेच सांगा. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, तर नमुना घ्यायला आम्ही तिथे येऊ.