वेबमालिका

वेबमालिका : इंटरनेटवर प्रदर्शित होणारी आणि प्रेक्षकाला आपल्या सोयीने, हव्या त्या भागापासून पाहता येणारी चित्रमालिका. दूरचित्रवाणीवरील मालिकेचा भाग वाहिनीने ठरवलेल्या वेळी लागतो. वेबमालिकेचे भाग सर्व्हरवर, म्हणजे मागणीनुसार माहिती पुरवणाऱ्या संगणकांवर, साठवलेले असतात आणि प्रेक्षकाने मागणी केली की त्याच्यापुरते सुरू होतात. वेळापत्रक नाहीसे झाल्यामुळे त्यातून आलेली बंधनेही सैल झाली. रोज एक भाग, त्याची अर्ध्या तासाची चौकट आणि जाहिरातीपूर्वी घातलेले नाट्यमय वळण यांची सक्ती उरली नाही. त्यामुळे बारा मिनिटांचा भाग आणि पन्नास मिनिटांचा भाग एकाच मालिकेत सुखाने नांदू शकतात, आणि कथा संपली की मालिकाही संपवता येते. दैनंदिन मालिकांची सवय झालेल्या मराठी प्रेक्षकासाठी हा शेवटचा फरक सर्वांत मोठा आहे.

इंटरनेटवर क्रमशः कथा सांगण्याचा प्रयोग अमेरिकेत 1995 मध्ये ‘द स्पॉट’ या संकेतस्थळाने केला; त्यात मुख्यतः पात्रांच्या दैनंदिनी आणि छायाचित्रे असत. 2005 मध्ये यूट्यूब सुरू झाल्यावर कोणालाही स्वतःची चित्रफीत लोकांसमोर ठेवता येऊ लागली. टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सने 2007 मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवण्यास प्रारंभ केला आणि फेब्रुवारी 2013 मध्ये ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले. संपूर्ण पर्व एका बैठकीत पाहण्याची सवय यानंतर रुजली. काही मंच, म्हणजे मालिका दाखवणाऱ्या इंटरनेट सेवा, मात्र आजही दर आठवड्याला एक भाग देतात, कारण त्यामुळे मालिकेची चर्चा अनेक आठवडे चालू राहते आणि वर्गणीदारही टिकून राहतो.

भारतात द व्हायरल फीव्हर या संस्थेची ‘पर्मनंट रूममेट्स’ ही मालिका 2014 मध्ये यूट्यूबवर आली. हॉटस्टार 2015 मध्ये, नेटफ्लिक्स जानेवारी 2016 मध्ये आणि अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतात सुरू झाले. तरीही या मंचांच्या आगमनाहून निर्णायक घटना सप्टेंबर 2016 ची मानावी लागेल : जिओच्या सेवेनंतर मोबाइल डेटाचे दर कोसळले, आणि एक-दोन गाण्यांच्या चित्रफिती जपून पाहणारा माणूस पूर्ण भाग मोबाइलवर पाहू लागला.

प्रकाशनाची तांत्रिक प्रक्रिया प्रेक्षकाला दिसत नाही, पण मालिका दूरवर पोहोचते ती तिच्यामुळेच. संपादित भागाच्या मूळ फाइलपासून कमी-अधिक दर्जाच्या अनेक आवृत्त्या तयार करतात आणि प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. या तुकड्यांची यादी प्रेक्षकाच्या मोबाइलकडे जाते. मोबाइलमधील प्लेअर, म्हणजे चित्रफीत चालवणारी प्रणाली, इंटरनेटचा वेग मोजत राहतो आणि पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतो. घाटात सिग्नल कमी झाला की चित्र थांबण्याऐवजी धूसर होते, ते यामुळेच. असे तुकडे पाठवण्याची अ‍ॅपलची एचएलएस ही पद्धत 2009 मध्ये आणि डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक 2012 मध्ये पुढे आले. आज बहुतेक मंच या दोहोंवर चालतात. लोकप्रिय भागांच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील सर्व्हरवर ठेवल्या जातात, जेणेकरून प्रत्येक मागणी दूरच्या मुख्य केंद्रापर्यंत जाऊ नये. संवादांची उपशीर्षके वेळेच्या नोंदींसह स्वतंत्र फाइलमध्ये असतात, त्यामुळे एकच भाग अनेक भाषांच्या प्रेक्षकांना देता येतो.

खर्च भरून काढण्याचे मार्ग तीन : वर्गणी, जाहिरात आणि एकेका कलाकृतीचे भाडे. मंचाने निर्मितीचा खर्च उचलला, तर हक्क बहुधा त्याच्याकडेच जातात. स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर मालिका देणारा निर्माता हक्क राखतो, पण पैशांची जोखीमही त्यालाच घ्यावी लागते.

मराठी वेबमालिका या दुसऱ्या, स्वतःच्या यूट्यूब वाहिनीच्या वाटेने वाढली. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ने, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टीने, अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या ‘कास्टिंग काउच’ या कार्यक्रमातून शहरी तरुणांची रोजची बोली पडद्यावर आणली. कोरी पाटी प्रॉडक्शनची ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि बारामती परिसरातील ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ या मालिकांनी गावातच चित्रीकरण करून गावाचीच भाषा बोलणारी पात्रे उभी केली. या मालिकांकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे अपुरे आहे. प्रमाणभाषेत सुधारून न घेतलेली ग्रामीण मराठी त्यांनी एरवी क्वचितच मिळणाऱ्या विस्ताराने ऐकवली. जाहिरातींवर चालणाऱ्या एमएक्स प्लेअरवर 2019 मध्ये ‘आणि काय हवं’ आणि ‘पांडू’, तर 2020 मध्ये सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवर आधारित ‘समांतर’ आली. 2021 मध्ये प्लॅनेट मराठी हा केवळ मराठीसाठीचा मंच सुरू झाला. प्रकाश नारायण संत यांच्या कथांवरील ‘लंपन’ ही निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित मालिका 2024 मध्ये सोनी लिव्हवर आली आणि त्याच वर्षी गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. बेळगाव भागातील कानडी वळणाची बोली आणि एका मुलाचे मनोविश्व यांवर उभी असलेली ही कथा रोजच्या मालिकेच्या साच्यात मावणे कठीण होते.

वेबमालिकेला चित्रपटाप्रमाणे प्रदर्शनापूर्वी प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये हे क्षेत्र माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या कक्षेत आले. 25 फेब्रुवारी 2021 च्या नियमांनी मंचांना मालिकांचे वयानुसार पाच गटांत वर्गीकरण करण्यास, तेरा वर्षांवरील आणि त्यापुढच्या गटांसाठी पालकांना मुलांपासून मालिका बंद ठेवता येईल असे डिजिटल कुलूप देण्यास आणि तक्रारींसाठी त्रिस्तरीय व्यवस्था ठेवण्यास सांगितले.

जतनाचा प्रश्न मात्र बिकट आहे. वर्गणीदार मालिकेची प्रत विकत घेत नाही, फक्त ती पाहण्याची मुभा घेतो. परवान्याची मुदत संपली किंवा मंच बंद पडला, तर मालिका एका दिवसात दिसेनाशी होऊ शकते. बहुतेक मालिकांच्या डीव्हीडी निघत नसल्याने, निर्मात्याने मूळ फाइल सांभाळली नसेल तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती केवळ जाहिरातीची झलक आणि परीक्षणेच उरतात.