सल्ला तर सगळ्यांनाच मिळाला होता

लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर पाळीभर बसून असायचा आणि कंडक्टर जिन्यावरून सतत वर-खाली करायचा, दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या. ब्रिटिश संशोधक डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी या दोघांच्या प्रकृतीची तुलना करून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर उशिरा होतो. शरीराच्या हालचालीमुळे हृदय जपलं जातं, या विचाराला इथून बळ मिळालं.

पण मॉरिस तिथेच थांबले नाहीत, आणि मला त्यांचं मोठेपण यात दिसतं. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटचा कंबरेचा घेर त्याच वयाच्या कंडक्टरांपेक्षा मोठा निघाला, अगदी तरुणांमध्येसुद्धा. म्हणजे मुळातच जाड असलेली माणसं ड्रायव्हर होत असतील, तर सगळं श्रेय जिन्याला कसं द्यायचं? नुसत्या निरीक्षणाने ही गाठ सुटत नाही.

ती सुटते चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यावर. अमेरिकेत रक्तातली साखर वाढलेल्या, पण मधुमेह न झालेल्या ३,२३४ जणांचे असे तीन गट केले गेले. एका गटाला मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध, दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली निव्वळ गोळी आणि तिसऱ्याला आहार-व्यायामाचा कार्यक्रम: ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करायचा. निकाल २००२ मध्ये आला. निव्वळ गोळीच्या गटाशी तुलना करता मेटफॉर्मिनमुळे मधुमेहाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, तर तिसऱ्या गटात तब्बल ५८ टक्क्यांनी.

मात्र या बातमीतला एक तपशील हमखास सुटतो. वजन कमी करा, नीट खा, चाला, हा सल्ला गोळ्या घेणाऱ्या दोन्ही गटांनाही दिलेला होता. लेखी माहिती आणि वर्षातून एकदा समोरासमोर बोलणं. तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाला मात्र स्वतःचा मार्गदर्शक होता. पहिल्या २४ आठवड्यांत १६ बैठका. काय खाल्लं त्याची नोंद, वजन, कुठे अडलं, त्यावर काय करायचं. ‘लोक ऐकतच नाहीत’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा फरक जरूर पाहावा.

पुढे तिसऱ्या गटातल्या अनेकांचं उतरलेलं वजन बरंचसं परत वाढलं. तरीही १५ वर्षांनंतर या गटात मधुमेहाचं प्रमाण निव्वळ गोळीच्या गटापेक्षा २७ टक्क्यांनी कमीच होतं.