जंतू न सापडणारा पाळीचा ताप

चोपड्याजवळच्या एका गावात माझ्या मावसबहिणीच्या घरी गेल्या तीन वर्षांची कॅलेंडरं एकाच खिळ्याला अडकवलेली आहेत. काही तारखांभोवती लाल पेनानं गोल काढलेत. दोन दिवस, कधी तीन, मग तीन-चार आठवडे कोरे, पुन्हा गोल. हे तिच्या सहा वर्षांच्या मुलाचे ताप. पोट आवळून धरून तो भिंतीकडे तोंड करून पडतो, एखादा गुडघा सुजतो, आणि आजी दारातूनच सांगते, "पोर्‍याले परत ताप उना." दर वेळी रक्त काढलं, विडाल केली, टायफॉइड धरून सलाइन आणि अँटिबायोटिक झालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटायचं. तो त्याच्या पाळीनं आपसूकच उतरत होता, हे त्या गोलांवरून कळलं.

तापाची पाळी मोजणं खानदेशाला नवं नाही. एकांतरा, तिजारा, चौथारा हे शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होते, आणि आयुर्वेदानं विषमज्वराचे प्रकार याच हिशेबानं पाडले. अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या पट्ट्यानं हिवताप पिढ्यान्‌पिढ्या सोसला. त्यामुळे ताप पाळीनं आला की मनात आधी डास येतो, आणि ते बरोबरही आहे. पण काही मुलांत पाळी असते आणि जंतू नसतो. शरीराची संरक्षक यंत्रणा शत्रू नसताना स्वतःच पेटते. तो बिघाड अनेकदा जनुकात असतो आणि आईवडिलांकडून येतो.

हे कळायला फार वर्षं गेली. 1945 मध्ये शेपर्ड सीगल या अमेरिकन डॉक्टरांनी ताप आणि पोटदुखीच्या अशा झटक्यांचं वर्णन केलं आणि नावात 'सौम्य' हा शब्द घातला. झटका ओसरतो म्हणून तो सौम्य वाटला. पण वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या दाहानं मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात, हे पुढच्या काही वर्षांत फ्रान्स आणि इस्रायलमधल्या डॉक्टरांनी दाखवलं. ज्यू, आर्मेनियन, तुर्की आणि अरब कुटुंबांत तो जास्त दिसल्यामुळे 1958 मध्ये 'फॅमिलिअल मेडिटरेनियन फीवर', म्हणजे एफएमएफ, हे नाव रूढ झालं. त्या नावामुळे इतर देशांतल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार लवकर येत नाही, असं मला वाटतं.

औषधाची गोष्ट मात्र आपल्या डोंगरापर्यंत येते. पेलेतिए आणि काव्हेंतू या फ्रेंच रसायनज्ञांनी 1820 मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं, आणि त्याच वर्षी कोल्चिकम या वनस्पतीच्या कंदातलं अल्कलॉइडही वेगळं केलं. पहिलं हिवतापावर जगभर गेलं. दुसऱ्याला 1833 मध्ये गायगर यांनी कोल्चिसीन म्हटलं आणि ते गाऊट या सांधेदुखीच्या आजारावर वापरात राहिलं. 1972 मध्ये अमेरिकेतल्या गोल्डफिंगर यांनी एका छोट्या पत्रात कळवलं की रोज कोल्चिसीन घेतल्यावर एफएमएफचे झटके थांबतात. नंतरच्या चाचण्यांत ते खरं ठरलं, आणि मूत्रपिंडंही वाचतात हे दिसलं. हेच कोल्चिसीन कळलावीत असतं. श्रावण-भाद्रपदात सातपुड्यात कुंपणावर चढलेली ती वेल, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची आणि टोकाला वळलेल्या पानांची. तिचा कंद जीव घेतो, म्हणून घरगुती उपाय म्हणून तिला हात लावू नये. औषधाची गोळी मोजून दिलेली असते आणि डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायची असते.

1997 मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी एफएमएफचं जनुक शोधलं. त्यातून बनणारं पायरिन हे प्रथिन पांढऱ्या पेशींमध्ये पहारेकऱ्याचं काम करतं. जंतूचं विष पेशीच्या यंत्रणेत ढवळाढवळ करू लागलं की ते घंटा वाजवतं. बदललेलं पायरिन विनाकारण वाजवतं, आणि इंटरल्यूकिन-1 हे दाह पेटवणारं प्रथिन सुटून ताप चढतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार असे बदल प्लेगच्या जंतूपुढे टिकायला उपयोगी पडले असावेत, म्हणून ते इतके पसरले. प्लेगात गाव सोडून मळ्यात झोपड्या घातल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून थांबावंसं वाटतं.

1999 मध्ये आयर्लंड-स्कॉटलंडच्या कुटुंबांत दिसणाऱ्या अशाच तापाचं, म्हणजे ट्रॅप्सचं, कारण टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला पकडणाऱ्या ग्राहीत सापडलं आणि याच सुमारास 'ऑटोइन्फ्लमेटरी', म्हणजे आपसूक पेटणाऱ्या दाहाचा, हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये 1984 साली वर्णिलेल्या आणखी एका पाळीच्या तापाचं, म्हणजे हिड्‌सचंही जनुक मिळालं. 2001 मध्ये थंडी लागताच ताप आणि पुरळ येणाऱ्या कॅप्सचं कारण उलगडलं. त्यात उपचार न झाल्यास मुलाची श्रवणशक्तीही जाऊ शकते. इंटरल्यूकिन-1 रोखणारी औषधं त्यानंतर आली. ती महाग आहेत.

आणखी एक गाठ आहे, ती सोडवायला वेळ लागतो. एफएमएफ असलेल्या मुलांत दुसरे दाहाचे आजारही जास्त आढळतात. पायांवर जांभळे डाग उमटवणारा आयजीए व्हॅस्क्युलायटिस, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा पॉलिआर्टेरायटिस नोडोसा, कमरेच्या सांध्यांचा दाह, तोंडात वारंवार फोड आणणारा बेहचेटचा आजार, आतड्यांचा दाह. 2014 मध्ये ओळखल्या गेलेल्या डाडा-टू या वेगळ्या जनुकीय आजारात तर ताप आणि रक्तवाहिन्यांच्या दाहाबरोबर लहान मुलाला पक्षाघात होऊ शकतो. डाडा-टूच्या भारतातल्या रुग्णांत अगरवाल कुटुंबं ठळकपणे दिसली आहेत, आणि जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत ती पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. हा कुठल्या समाजाचा दोष नव्हे. वेळेवर ओळखलं तर टीएनएफ रोखणाऱ्या औषधांनी पक्षाघात टाळता येतात, म्हणून हे उघड बोलायला हवं. नंदुरबारच्या आदिवासी गावांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हाही हेच झालं. मुलीच्या बापाच्या तोंडून 'आमच्या रक्तात' हा शब्द आधी दबक्या आवाजातच आला.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातल्या बालसंधिवात विभागात बहिणीनं जाड फाइल टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईंनी ती चाळून बाजूला सारली आणि कॅलेंडर आहे का विचारलं. बहीण तिन्ही कॅलेंडरं गुंडाळी करून घेऊन गेली होती. पदर सावरत तिनं ती उलगडली, आणि डॉक्टरबाई बोट फिरवत गोल मोजू लागल्या.